नकाशातली मुलं

ओळंबा हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षी वर्गाला बांधकाम बघायला नेलं, तेव्हा गवंड्यानं दोरीला टांगलेलं लोखंडी वजन भिंतीशी सोडून दाखवलं आणि त्याला ओळंबा म्हणतात असं सांगितलं. उंच, सरळ, एका जागी लटकलेलं आणि गप्प. मुलांनी मागे वळून बघितलं, तर कोपऱ्यात ही उभी. तेव्हापासून चिकटलेलं नाव शिक्षण संपलं, नोकरी लागली, तिशी उलटली तरी सुटलं नाही. घरी ताई तिला "अगं ए" म्हणायची आणि भाची "मावशी", म्हणून निदान तिथं तरी तिची भिंतींपासून सुटका होती.

आर्किटेक्ट झाली म्हटल्यावर लोकांना वाटतं, आता ही इमारती काढणार. ओळंब्यानं सहा वर्षं संडास काढले. कार्यालयात मोठी रेघ सर ओढायचे, त्यांच्या खालचे तिघं ती रेघ गोंडस करायचे आणि मग उरलेलं सगळं हिच्या पदरात पडायचं: फरशीचा उतार, नळाची उंची, जिन्याच्या पायऱ्या, दार उघडल्यावर ते कशावर आपटतं. कामात ती इतकी चोख होती की तिला दुसरं काही द्यायचं कुणाच्या मनातच येत नसे. चोख माणसाची ही एक शिक्षाच असते. तिनं तक्रार केली नाही. तक्रार करायला आधी तोंड उघडावं लागतं.

तिचं तोंड उघडायचं ते शनिवारी दुपारी, आणि तेही चहासाठीच. नकाशे छापून देणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली होती, कागदाच्या भेंडोळ्यांनी अर्धी भरलेली. दुकानदारानं ती ओळंबा आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींना बसायला दिली होती, कारण त्यांची सगळी छपाई त्याच्याकडे होती. ओळंबा सोडून बाकी तिघांची ओळख पटकन होण्यासारखी आहे. मंत्री एका बड्या कंपनीत होता आणि साधी खिडकी उघडली तरी उद्घाटन केल्यासारखा बोलायचा. काटकोन कॉलेजात शिकवायचा. नियमांची पुस्तकं त्याला तोंडपाठ होती आणि ती तो न विचारता ऐकवायचा. तिसरी फरशी. ती लोकांची घरं आतून सजवायची, आणि बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी टाइल्सवर येऊन थांबायची.

तिथं काय बोलायचे? तरुण आर्किटेक्ट एकत्र आले की जे बोलतात तेच. गिऱ्हाईक फोनवर कुठल्या तरी देशातल्या बंगल्याचं चित्र दाखवतं आणि म्हणतं, अस्संच पाहिजे, फक्त आमच्या प्लॉटवर. यंत्राला चार शब्द सांगितले की अर्ध्या मिनिटात वीस इमारती काढून देतं, मग आपण कशाला उरलो? इमारत राहायला बांधतात की फोटोला? या शेवटच्या प्रश्नावर मंत्री सहज पाऊण तास घ्यायचा.

पण त्या खोलीत एक रिवाज होता, काटकोनानं पाडलेला. दर शनिवारी एकानं आपलं एक काम आणायचं आणि त्यातली आपली एक चूक सांगायची. कौतुक करून घ्यायचं नाही. ऐकायला हा रिवाज फार उमदा वाटतो. प्रत्यक्षात काय व्हायचं? मंत्री सांगायचा, "माझी चूक अशी की मी काळाच्या फार पुढचा विचार केला." फरशीची चूक अशी की तिनं गिऱ्हाइकावर जरा जास्तच विश्वास टाकला. काटकोनाची चूक नेहमी दुसऱ्याच्या चुकीवर जाऊन संपायची. चुकांना इस्त्री करून आणायचे सगळे. ओळंब्याला हे दिसत होतं, पण तिची पाळी आली की तीही एखादा उलटा बसवलेला नळ सांगून मोकळी व्हायची. बाकीचे हसायचे आणि पाळी पुढे जायची.

अशातच कार्यालयात शाळेचं काम आलं. दोन मजली शाळा, वर्गांच्या बाहेरून लांबच लांब गॅलरी, आणि गॅलरीला कठडा. सर तापानं पडले होते आणि ठेकेदाराला नकाशा दुसऱ्या दिवशी हवा होता. कठडा काढायचं काम हिच्याकडे आलं. एरवी तिनं नेहमीचा कठडा काढून दिला असता. पण त्या संध्याकाळी तिला काय झालं कोण जाणे, तिनं कठड्याची भिंत खालून जाड केली आणि तिच्यातूनच एक बाक बाहेर काढला. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. मधल्या सुट्टीत मुलं तिथं ओळीनं बसतील, डबा खातील, पाय हलवत गप्पा मारतील. नकाशात तिनं मुलंही बसवली. आमच्या धंद्यात माणसांची कापून ठेवलेली चित्रं असतात, ती उचलून नकाशात टाकायची. एक पुस्तक वाचणारी मुलगी, एक फुगा धरलेला मुलगा, दोघी कानात कुजबुजणाऱ्या.

सर बरे होऊन आले आणि त्यांनी नकाशा बघितला. मग म्हणाले, "ठेव." तो बाक बांधला गेला. लोक शाळा बघायला येऊ लागले आणि सगळे त्या बाकापाशीच थांबू लागले. सरांनी इमारत एका स्पर्धेला पाठवायचं ठरवलं आणि अर्जावर स्वतःच्या नावाखाली हिचं नाव लिहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी ती घरी आली ती जमिनीवर पाय न टेकवताच. ताईनं तर अख्ख्या इमारतीत सांगितलं की शाळा तिच्या बहिणीनं बांधली, आणि पोरीचं नाव जुन्या शाळेतून काढून त्याच शाळेत घातलं. ओळंबा ताईकडेच राहायची, मागच्या खोलीत. मेहुणे म्हणाले, "बरं झालं, शाळेची फी नाही तर निदान बाक तरी घरचा."

शाळा सोमवारी उघडायची होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी सरांनी सांगितलं की फोटोग्राफरनं काढलेल्या गॅलरीच्या फोटोत जीव नाही, एखादं मूल पाहिजे. मूल घरातच होतं. ओळंबा भाचीला घेऊन दुपारी शाळेत गेली. दुसऱ्या मजल्यावर ऊन तिरकं आलं होतं, बाकावर सोनेरी पट्टा पडला होता. भाची बसली. फोटो निघाला, पण मिळमिळीत.

"वर उभी राहा बघू," मावशी म्हणाली. "मागे हात टेकव. बाहेर बघ."

सहा वर्षांची पोर, मावशी सांगते म्हटल्यावर टुणकन चढली. तीन फोटो निघाले. तिसरा इतका सुरेख आला की ओळंब्यानं तिथूनच तो सरांना पाठवला आणि ताईलाही. सरांचा अंगठा आला. ताईनं तो फोटो लगेच आपल्या स्टेटसला लावला.

संध्याकाळी ती तो फोटो नीट करायला बसली. इमारतीच्या फोटोत उभ्या रेषा तिरक्या आल्या की आम्हा लोकांना चैन पडत नाही, त्या सरळ करूनच फोटो पुढे जातो. तिनं आधाराला एक आडवी रेघ ओढली, कठड्याच्या माथ्याला लावून. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मध्ये भाचीच्या मांडीवरून गेली.

मांडीवरून. कमरेवरून नाही, छातीवरून नाही. आणि रेघेच्या पलीकडे थेट खाली फरसबंदी अंगण.

तिनं नकाशा उघडला. कठडा जमिनीपासून शंभर सेंटीमीटर, बाक त्रेचाळीस. राहिले सत्तावन्न. वजाबाकी तिसरीतल्या मुलालाही जमली असती. ती तिनं केली नव्हती, सरांनी केली नव्हती, इंजिनिअरनं केली नव्हती आणि मंजुरी देणाऱ्या कार्यालयातही कुणी केली नव्हती. सगळ्यांनी नकाशा बघितला होता आणि नकाशात मुलं शहाण्यासारखी बसली होती. नकाशातली मुलं कधी बाकावर उभी राहत नाहीत. त्यांना तिथं बसवणारा माणूसच ठरवतो ती काय करणार ते. आणि खरी मुलं? एक खरं मूल तिनं नेलं, तर तिनं स्वतःच त्याला वर चढवलं, उन्हासाठी.

शुक्रवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सर वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल. त्यांनी तिचं बोलणं पूर्ण ऐकलं. नकाशा मागवला, स्वतः पट्टी लावली, चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, मंजुरी जमिनीपासूनच्या उंचीला मिळालेली आहे आणि ती उंची बरोबर आहे. महिन्याभरात स्पर्धेचे परीक्षक येऊन जातील, मग काय लावायचं ते शांतपणे लावू. तोवर 'बाकावर उभे राहू नये' अशी पाटी लिहून टांगायची. तिनं विचारलं, शाळा तर सोमवारी उघडते. सर म्हणाले, शिक्षक असतात की तिथं.

ती उठली नाही. "हे बघ," ते म्हणाले, आणि आवाज खरंच मऊ होता, "कागदावर तुझं नाव मी लावलंय. चूक लेखी आली तर पहिली तुझ्यावर येईल, मग माझ्यावर. तुझ्या पुढच्या तीस वर्षांचा विचार करून सांगतोय."

ती बाहेर आली आणि दिवसभर कुठल्याशा रुग्णालयाच्या नळांच्या उंच्या लिहीत बसली. चोख लिहिल्या. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की सरांचं बोलणं ऐकून तिला थोडं बरंही वाटलं होतं. महिनाच तर आहे. पाटी तर लागणार आहे. रात्री भाची नवीन दप्तर उशाशी घेऊन झोपली तेव्हा ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं. पाटी वाचायला आधी वाचता यावं लागतं.

शनिवारी पाळी तिची होती. खोलीत कागदाच्या भेंडोळ्यांवर सगळे आपापल्या जागी बसलेले, चहा आलेला. तिनं फोटो मध्ये ठेवला, शेजारी नकाशा. तिघांनी एकदम वाहवा केली आणि मंत्री म्हणाला की यात चूक शोधायला भिंग लागेल. तेव्हा तिनं सांगितलं. इस्त्री न करता. आकडे सांगितले, भाचीला आपणच चढवलं हे सांगितलं, सोमवार सांगितला. इतकं सलग ती त्या खोलीत कधीच बोलली नव्हती, त्यामुळे शेवटी शेवटी तिचा आवाजच बसला.

फरशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग काटकोन खाकरला आणि म्हणाला की नियमात 'उंची' या शब्दाची व्याख्या जरा मोघम आहे, काटेकोर बघितलं तर ती निसटू शकते. निसटू शकते, म्हणजे ओळंबा, मूल नाही. पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. मंत्री म्हणाला की खरा प्रश्न फार मोठा आहे, समाजानं मुलांना अवकाशात वावरायला शिकवलंच नाही, आणि परदेशात तर नदीला कठडेच नसतात. मग फरशीनं विचारलं, काच लावली तर? बस्स. तिथून गाडी सुटली. काच नको, बोटांचे डाग दिसतात. तारा? आडव्या तारा म्हणजे शिडीच, पोरं चढतील. उभ्या तारा, बारीक, लांबून दिसणारही नाहीत. काटकोनानं नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढायला घेतलं. मंत्र्यानं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली. तिघांचे डोळे चमकत होते. हुशार होते तिघंही, आणि दहा मिनिटांत त्यांनी खरोखर देखणी जाळी काढली.

ओळंबा बघत राहिली. तिला त्यांचा राग आला, आणि राग येता येताच कळलं की परवा उन्हाकडे बघताना आपणही अश्शाच चमकत होतो. तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं की सोमवारी गॅलरीत मुलं जाणार का.

तिनं तेच विचारलं.

काटकोनानं चहाचा कप खाली ठेवला. रिवाज पाडणारा तोच, म्हणून बोलायची जबाबदारी त्याच्यावर आली असावी. "अगं, आपण इथं चुका सांगतो त्या शिकण्यासाठी," तो म्हणाला. "ही तसली चूक नाही. ही तू आम्हाला सांगायलाच नको होतीस. आता आम्हालाही माहीत झालं."

यावर फरशी खाली बघायला लागली आणि मंत्री जाळीच्या तारा पुन्हा गिरवू लागला. दहा वर्षांची मैत्री होती चौघांची. एकमेकांच्या लग्नात, आजारपणात, परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांच्या घरी पडून राहिलेली माणसं. त्यांना ती वाईट म्हणू शकत नव्हती. पण त्या खोलीत आता बसवेना. तिनं फोटो उचलला, नकाशा मात्र त्यांच्यापाशीच राहिला कारण त्याच्या पाठीवर जाळी होती, आणि ती जिना उतरली.

मुख्याध्यापिकाबाई शाळेतच होत्या. सोमवारची तयारी चाललेली. वर्गांच्या दारांवर नावं चिकटवत होत्या, स्वतः स्टुलावर चढून. ओळंब्याला बघून त्यांना आनंद झाला. त्या म्हणाल्या की रोज एक चक्कर त्या बाकावर बसायला वर मारतात. मग हिनं सांगितलं. बाई स्टुलावरून उतरून तिच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावर आल्या. बाकावर एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवला, हळूच उभ्या राहिल्या आणि लगेच हिचा दंड पकडून खाली उतरल्या. पन्नाशीच्या बाई, चेहरा पांढराफटक पडला होता.

खाली कार्यालयात आल्यावर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. तुमच्या सरांना माहीत आहे का? आणि, हे मला लिहून द्याल का, कारण तोंडी सांगण्यावर मला मजला बंद करता येणार नाही, संस्थेचे लोक ऐकणार नाहीत. पहिल्या प्रश्नाला ती हो म्हणाली. दुसऱ्यापाशी घोडं अडलं. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि घाई केली नाही.

सहा वर्षं तिला एकच गोष्ट हवी होती, हे सांगता येणं की ही इमारत, निदान हिचा एक तुकडा, मी काढला. अर्जावरच्या नावानं ते मिळालं होतं. या कागदानं ते जाणार होतं, कदाचित नोकरीसकट, कदाचित सही करायच्या हक्कासकट. तिनं पेन उचललं आणि पहिलंच वाक्य लिहिलं: 'दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतील बाक मी काढला आहे.' पुढचं भराभर लिहून झालं. आकडे तिला पाठच होते. खाली तिनं सही केली.

बाईंनी वाचून कागद फाइलला लावला आणि दोन्ही जिन्यांची लोखंडी दारं कुलूप लावून बंद केली. जाळी लागेपर्यंत वरचे वर्ग खाली, सभागृहात भरतील असं त्या म्हणाल्या. जाळी साधीच लागेल, लोहाराकडची, आमच्याकडे नक्षीला वेळ नाही. ओळंबा म्हणाली, साधीच लावा. फाटकाबाहेर तिनं फोन बघितला तर सरांचे चार फोन येऊन गेले होते. बाईंनी त्यांना कळवलं असणार. तिनं पाचवा घेतला. सर फार बोलले नाहीत. स्पर्धेचा अर्ज मागे घेतो म्हणाले, आणि सोमवारी येऊ नकोस, पुढचं मी कळवीन, असं म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी ताई जमिनीवर बसून वह्यांना कव्हरं घालत होती. भाची खाली खेळायला गेली होती. मेहुणे बाहेर. ताईनं मान वर न करता सांगितलं की आज तिघींनी तिला फोटोबद्दल विचारलं, मुलगी किती धीट उभी आहे म्हणून. ओळंबा तिच्यासमोर बसली. मित्रांना सांगितलं होतं, बाईंना सांगितलं होतं, लिहून दिलं होतं. इथं मात्र आधी तिनं एका वहीला कव्हर घातलं. पण शेवटी बोलली. मजला बंद केला, नोकरीचं काही खरं नाही, सगळं.

ताईचे हात थांबले. नोकरीबद्दल तिनं काही विचारलं नाही. फोन उचलला, फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला, आणि कठड्याच्या पलीकडचं अंगण तिला पहिल्यांदा दिसलं.

"हिला वर कुणी चढवलं?"

"मी."

ताईनं कात्री बाजूला ठेवली, खिडकीशी गेली आणि खाली खेळणाऱ्या पोरीला हाक मारली, वर ये म्हणून, आत्ताच्या आत्ता. पोर खालून ओरडली की तिचा डाव चालू आहे. ताईनं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिचा आवाज फाटला.

पोर धावत वर आली. बघते तर आई आणि मावशी दोघीही उभ्या. ती सवयीनं मावशीकडे वळली, आणि ताईनं तिला मध्येच धरून जवळ ओढलं.